शालिकरामचं आमीन

नत्थुजी देवाशी बोलायचा तेव्हा शुद्ध बोलायचा. बायकोशी, बैलांशी, वायरमनशी आणि आम्हा गावकऱ्यांशी तो आपल्या वऱ्हाडीतच बोले. पण दुपारी भाकरीचं फडकं सोडलं, डोक्याचा दुपट्टा काढून मांडीवर ठेवला आणि कपाळाला बोटं लावून क्रूसाची खूण केली की त्याच्या तोंडून प्रार्थनेच्या पुस्तकातली मराठी सुरू होई. "हे स्वर्गीय पित्या, तुझ्या असीम कृपेबद्दल..." मग पाऊस, जमीन, बैल, विहिरीचं पाणी, अमरावतीला दिलेली लेक, तिचा नवरा आणि सगळ्यात शेवटी पोप साहेब. एवढ्यांची नावं होईस्तोवर भाकर वातड होऊन जाई.

शेजारच्या वावरातला शालिकराम रोज त्याच्याच सोबत जेवायला बसायचा. नत्थुजीचं घर आज्यापासून कॅथलिक; शालिकराम माळ्याचा, घरात महादेवाची पिंड. त्याच्याकडे थोडी भाजी, थोडा झेंडू आणि काळ्या जमिनीच्या तुकड्यात सोयाबीन असे. दोघांच्या वावरांमध्ये एक धुरा, म्हणजे बांध, आणि धुऱ्यावर एक निंब. त्या निंबाखाली दोघं पोरसवदा होते तेव्हापासून एकत्र जेवत आलेले. नत्थुजीची प्रार्थना चाले आणि शालिकराम भाकरीवर हात ठेवून वाट पाही. फारच लांबली की तोच मोठ्यानं म्हणे, "आमीन!"

"अजून सरली नाई माही," नत्थुजी डोळे मिटूनच म्हणायचा.

"देवाले समजलं. मले भूक लागली."

आणि प्रार्थना खरोखरच तिथे संपायची. पोप साहेब पुष्कळदा राहूनच जात. नत्थुजीची बायको मैनाबाई म्हणायची, "शालिकभाऊ नसते तं आमच्या घरचं दुपारचं जेवण दिवेलागणीलेच झालं असतं."

मैनाबाईचं आभार मानणं वेगळं होतं. तिला त्यासाठी बसावं लागत नसे. कणकेच्या गोळ्यावर ती अंगठ्यानं क्रूस उमटवायची, विळ्याला धार लावली की पात्यावरून तोच अंगठा फिरवायची, आणि नळाला पाणी आलं की मरियामातेला सांगायची, "आलं वं माय, उपकार तुहे." शालिकरामची बायको शकुन एकदा तिच्या चुलीपाशी रोडगे थापत होती. बोलता बोलता शकुननंही रोडग्यावर अंगठा दाबला आणि आडवी-उभी रेघ ओढली. दोघी हसत सुटल्या. तो रोडगा कोणी खायचा यावरून पुन्हा हसल्या.

आता नत्थुजीचा दोष सांगतो. देवाचे इतके आभार मानणाऱ्या या माणसानं माणसाचे आभार कधी मानले नाहीत. तसं आमच्याकडे कोणीच तोंडानं मानत नाही म्हणा. घरच्या माणसाला धन्यवाद म्हटलं तर तो विचारेल, मी काय परका हाय काय? पण आम्ही वाटीभर कढी पाठवतो, एखादं वांगं जास्त टाकतो, समोरच्याला काय ते कळतं. नत्थुजीला मुळात घेणंच जमत नसे. कोणाची कुऱ्हाड आणली तर परत देताना तिला नवा दांडा बसवून देई. दुसऱ्याचं काही आपल्याकडे राहिलं की त्याला झोप लागत नसे. आणि या स्वभावाचा त्याला मोठा अभिमान होता.

ऑक्टोबर हा आमच्या गावच्या कॅथलिक घरांचा जपमाळेचा महिना. संध्याकाळी सगळे मरियामातेच्या दगडी गुहेपाशी जमतात आणि जपमाळ म्हणतात. गुहेला झेंडूचं तोरण बांधायचं काम नत्थुजीचं आणि झेंडू शालिकरामच्या वावरातला. त्या दिवशीही टोपलीभर झेंडू ओवून नत्थुजी स्टुलावर चढला. स्टुलाचा एक पाय गेल्या वर्षापासून हलत होता. तोरणाचं एक टोक बांधून झालं, दुसऱ्या टोकाला तो वाकला आणि फुलांसकट खाली आला. उजवा हात अंगाखाली सापडला.

परतवाड्याच्या दवाखान्यात नेणाऱ्या जीपमध्ये तो कण्हत म्हणाला, "मातेले हार घालाले गेलो अन् तिनंच मले खाली टाकलं."

"तिनं नाई टाकलं," मैनाबाई म्हणाली. "स्टुलाचा पाय मोडका हाय म्हणून मी कवाची सांगून राह्यली होती. मान नाई मोडली, उपकार माना."

"मानतो. आधी हात तं बसवू दे."

हात बसवला, वर कोपरापर्यंत प्लास्टर चढलं. आणि नेमकं त्याच आठवड्यात सोयाबीन पिकून उभं राहिलं.

सोयाबीन थांबत नाही. पानं गळून गेली, झाडं तांबूस झाली, दुपारच्या उन्हात शेंगा तडकायच्या आणि दाणे मातीत उडायचे. धुऱ्यावर उभं राहिलं की तो तडतड आवाज ऐकू यायचा. सगळ्या गावाची सोंगणी, म्हणजे कापणी, एकाच वेळी आलेली, त्यामुळे मजूर मिळेना. मैनाबाई एकटीच विळा घेऊन पाटीला, ओळींच्या एकेका पट्ट्याला, लागली. नत्थुजी हात गळ्यात अडकवून धुऱ्यावर बसायचा आणि तिथून तिला सांगायचा, खालून धर, मुठीत कमी घे, त्या कोपऱ्यातलं आधी घे.

"अठी येऊन सांगा ना," मैनाबाई कंबर धरून उभी राहात म्हणायची. "नाईतं मुक्यानं बसा."

चिखलदऱ्याच्या डोंगरावर ढग बसायला लागले. परतीचा पाऊस यंदा अजून गेला नव्हता.

एका सकाळी मैनाबाई वावरात पोचली तर शालिकराम आणि शकुन आधीच वाकलेले होते. कापलेल्या झाडांच्या ओळी मागे पडत होत्या. नत्थुजी मागून आला आणि धुऱ्यावरच थांबला.

"काहून रे? तुहं नाई का सोंगाचं?"

"माहं थांबते," शालिकराम मान वर न करता म्हणाला. "हिरवं हाय अजून."

शालिकरामचं सोयाबीन धुऱ्याच्या पलीकडेच तर होतं. त्यातलं हिरवं कुठे आहे हे पाहायला कोणाला चष्मा लागला नसता. नत्थुजीला ते पिकलेलं दिसत होतं. त्याचं स्वतःचं तडकत होतं आणि त्याला तोंड उघडवेना.

ती तिघं उन्हं उतरेपर्यंत कापत राहिली. सोयाबीनची वाळकी झाडं हाताला काचतात. तळव्यांवर बारीक चिरा पडतात आणि त्यात घाम गेला की आग होते. कापलेले खुंट टोकदार असतात. शकुनच्या पायाच्या घोट्याला एक लागला, तिनं त्यावर माती दाबली आणि पुढची पाटी धरली. नत्थुजी डाव्या हातानं पाण्याची बाटली नेऊन द्यायचा, तेवढंच त्याच्याकडून होत होतं, आणि तेही करताना त्याचा चेहरा रागावल्यासारखा असायचा. सगळं कापून झालं, गंजी लागली, तिच्यावर ताडपत्री ओढून कडांना दगड ठेवले, तेव्हा वारा सुटला होता. ताडपत्रीवर पहिले थेंब वाजले तेव्हा शालिकराम दोरीची शेवटची गाठ मारत होता.

पाऊस दिवसचे दिवस लागून राहिला. नत्थुजीची गंजी कोरडी राहिली. शालिकरामचं उभं सोयाबीन भिजलं, काळं पडलं आणि शेंगांतल्या शेंगांत दाण्यांना पांढरे कोंब फुटले. शालिकराम एकदा धुऱ्यावर आला, एक शेंग सोलून पाहिली, टाकून दिली आणि घरी गेला.

पाऊस उघडल्यावर चौघं पुन्हा निंबाखाली जेवायला बसले. नत्थुजीनं डोळे मिटले आणि परतीच्या पावसापासून आपल्या पिकाचं रक्षण केल्याबद्दल स्वर्गीय पित्याचे आभार मानले. अगदी शुद्ध मराठीत. शकुननं तोंडाशी नेलेला घास खाली ठेवला. शालिकराम मात्र नेहमीसारखाच म्हणाला, "आमीन."

तिथेच मिटलं असतं. पण पुढच्या रविवारी चर्चमध्ये सुगीचा मिस्सा, म्हणजे नव्या पिकाची उपासना, होता.

सुगीच्या मिस्साला आमचं एवढंसं चर्च वावरासारखं दिसतं. वेदीपुढे ज्वारीची कणसं, कोहळं, संत्री, वांगी मांडतात. ज्याचं पीक घरी आलं तो पहिल्या दाण्यांचं सूप वेदीकडे घेऊन जातो. मिस्सानंतर अंगणात सगळ्या गावासाठी रोडगे आणि वांग्याची भाजी असते, त्यामुळे त्या दिवशी चर्चमध्ये कोण कोणत्या देवाचं हे कोणी पाहात नाही. मैनाबाईनं शालिकराम आणि शकुनला आग्रहानं बोलावलं होतं. ते शेवटच्या बाकावर बसले. शालिकरामनं इस्त्रीचा सदरा घातला होता आणि विळ्यानं कापलेल्या बोटाला शकुननं स्वच्छ पट्टी बांधून दिली होती.

नत्थुजीनं गंजीतल्या शेंगा सोलून काढलेल्या दाण्यांचं सूप डाव्या हातावर तोलत वेदीपर्यंत नेलं. शेवटच्या आशीर्वादाआधी फादर म्हणाले, "नत्थुजींनी यंदा खूप सोसलं. ते दोन शब्द बोलतील."

नत्थुजीला माइक मिळाला आणि समोर सगळं गाव. त्याच्यातली पुस्तकी मराठी फुलून आली.

"माझा हात मोडला," तो म्हणाला, "परंतु परमेश्वराने आपला हात पुढे केला. त्यानेच माझे पीक घरी आणले. मला कोणाही मनुष्यापुढे हात पसरावा लागला नाही. कोणाचे उपकार घ्यावे लागले नाहीत. त्याची स्तुती असो."

मोठ्या सुरात म्हणाला. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या पार्बताबाईनं डोळे पुसले. मैनाबाईनं मान वळवून मागे पाहिलं. शकुन उभी राहिली होती. शालिकरामनं तिला खाली बसवायला हात धरला, मग तोही उठला. दारापाशी त्यानं चपला पायात घातल्या आणि दोघं अंगणातल्या रोडग्यांच्या धुरातून निघून गेली. मैनाबाई मागे धावली तेव्हा ती वळणापलीकडे गेली होती.

दुसऱ्या दिवशी शालिकराम निंबाखाली आला नाही. तो आपल्या विहिरीपाशी बसून जेवला, पाठ इकडे करून. नत्थुजीनं डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. पाऊस झाला, जमीन झाली, बैल, विहीर, लेक, जावई झाला. पोप साहेबही झाले. मग त्याला कुठे थांबायचं तेच कळेना. तो पुन्हा पावसापासून सुरू झाला. शेवटी आमीन त्याला स्वतःलाच म्हणावं लागलं आणि ते त्याच्याच कानाला उपरं वाटलं.

"आता जेवा," मैनाबाई म्हणाली.

"काहून रुसला असंन तो?"

मैनाबाईनं भाकर खाली ठेवली. "तुमाले खरंच नाई माईत?"

"देवाच्या घरात देवाचेच आभार मानतेत ना?"

"देव कोणचा इळा घेऊन आला होता? मी तं नाई पाह्यला. मले शकुनच्या पायातून रगत निघतानी दिसलं." तिचा आवाज चढला. "देवानं ज्याच्या हातून केलं त्याचं नाव घेतलं तं देव रुसते काय? तुमाले देवाचा उपकार चालते, कारण तो दारात येऊन उभा नाई राहत."

खरं काय ते नत्थुजीला धुऱ्यावर उभा होता तेव्हापासून ठाऊक होतं, आणि म्हणूनच तो माइकवर इतक्या जोरात बोलला होता.

त्यानं त्याच्या पद्धतीनं उपाय काढला. मळणी झाल्यावर कोरड्या सोयाबीनचं अर्धं पोतं डाव्या खांद्यावर घेतलं, कण्हत कुंथत शालिकरामच्या अंगणात नेलं आणि टाकलं. शकुन अंगण झाडत होती.

"हे काय भाऊजी?"

"सोयाबीन. बियाण्याले होईन तुमच्या."

"मजुरी आणली काय?" शकुन खराटा टेकून उभी राहिली. "आमी मजुरीनं नोतो आलो. घेऊन जा."

शालिकराम घरातच होता. आत त्याच्या खोकण्याचा आवाज आला, पण तो बाहेर आला नाही. नत्थुजीला पोतं पुन्हा खांद्यावर चढवता येईना. शकुननंच एका बाजूनं हात लावून ते त्याच्या खांद्यावर ठेवून दिलं, आणि हा उपकारही घेऊन तो निघाला. पानठेल्यावरच्या पोरांनी विचारलं, "काय नत्थुकाका, बाजार इकडं लागला काय आज?" तो खाली मान घालून घरी आला.

शनिवारी तो पापनिवेदनाला गेला. आत काय झालं ते फादर मरेपर्यंत कोणाला सांगणार नाहीत. पण नत्थुजीनंच ते पुढे इतक्या जणांना सांगितलं की आता आम्हालाही पाठ आहे.

"फादर, मी तुमच्या माइकवर खोटं बोललो."

जाळीच्या पलीकडून फादरनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शालिकरामकडे जा आणि त्याला तोंडानं सांगा. डोळे उघडे ठेवून."

"फादर, जपमाळ द्या ना प्रायश्चित्त. गुडघ्यावर बसून म्हणतो. रोज म्हणतो."

"जपमाळ तुम्हाला सोपी जाते, नत्थुजी."

नत्थुजी जाळीपाशी बराच वेळ बसून राहिला. बाहेर रांगेत उभ्या असलेल्या बायांना वाटलं, याचं फार मोठं पाप असलं पाहिजे.

सोमवारी शालिकराम आणि शकुन हरभऱ्यासाठी वावर मोकळं करत होती. सडलेलं सोयाबीन उपटून धुऱ्यावर टाकायचं, मग वखर. काळ्या ओल्या झाडांना कुजका वास येत होता. नत्थुजी आणि मैनाबाई धुरा ओलांडून आली. मैनाबाई शकुनच्या शेजारच्या ओळीला लागली. नत्थुजी डाव्या हातानं झाडं उपटू लागला. एका हातानं मूळ सुटत नाही. तो पायानं माती मोकळी करायचा, ओढायचा, ओढताना एकदा मागेच बसला. शालिकरामनं पाहिलं आणि पुन्हा खाली वाकला. पण त्याला जा म्हणाला नाही.

प्लास्टरवर काळी माती चढली. एक झाड उपटलं तेव्हा शेंगेतून निघालेला कोंब नत्थुजीच्या बोटाला लागला, लांबट, पांढरा, मऊ. पेरलेल्या दाण्याचा असता तर त्यानं देवाचे आभार मानले असते. त्यानं ते झाड धुऱ्यावर नेऊन टाकलं.

उन्हं डोक्यावर आली. शकुननं निंबाखाली फडकं सोडलं. मैनाबाईनंही तिच्या शेजारीच सोडलं. शालिकराम विहिरीकडे वळत होता. शकुन म्हणाली, "बसा अठीच," तसा तो बसला आणि सवयीनं त्याचा हात भाकरीवर गेला.

नत्थुजीनं दुपट्टा काढला, क्रूसाची खूण केली आणि डोळे मिटले. मैनाबाईनं त्याला कोपर मारलं. त्यानं डोळे उघडले.

"बापा," तो म्हणाला. पुढचं शुद्ध मराठीत आलंच नाही. "बापा, हा शालिकराम. तू याले वळखतं. यानं अन् शकुनबाईनं माहं सोंगून देल्लं. याचं पिकलेलं मले दिसून राह्यलं होतं. मी मुकाट राह्यलो. माहं वाचलं अन् याचं सडलं. अन् मी तुह्या घरात उभा राहून सांगतलं का कोणाचाच हात नोता." आता त्यानं शालिकरामकडे पाहिलं, आणि हे त्याला स्टुलावरून पडण्याहून जड गेलं. "शालिक, तुहे उपकार हायेत माह्यावर. मी फेडाले पोतं आणलं होतं. ते उपकार फिटणार नाई. राहू दे माह्या अंगावर. राहतील तसेच."

निंबाची पिवळी पानं फडक्यावर पडली. शालिकराम भाकरीकडेच पाहात होता. पट्टी सुटलेल्या बोटावर जखमेची खपली धरली होती.

नत्थुजी शकुनकडे वळला. "शकुनबाई, तुमच्या पायाले लागलं होतं. मी पाह्यलं होतं. तुमचेही..."

"होऊ द्या भाऊजी," शकुन म्हणाली. तिनं पदरानं नाक पुसलं आणि त्याच्या पुढ्यात एक वांगं जास्त वाढलं. "आजच सारं म्हणून टाकसान तं उद्या काय म्हणसान?"

"आमीन," शालिकराम मोठ्यानं म्हणाला.

नत्थुजीचं तोंड उघडंच होतं. त्याला अजून खूप सांगायचं होतं. "अजून सरली नाई माही."

"देवाले समजलं," शालिकरामनं भाकर मोडली आणि तिचा अर्धा तुकडा त्याच्या डाव्या हातात दिला. "मलेही समजलं. जेव आता."